जपानी परीक्षा आणि घरची शिदोरी



पोळा होऊन दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार सुरू होते, त्या सुमारास आमच्या भागातली बाहेरगावी गेलेली बहुतेक मुले घरी आलेली असतात. यंदा त्याच दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी सौंसरला माझ्या घरी आला. वडिलांची संत्र्याची बाग आहे, मुलगा पुण्यास एका कारखान्यात अभियंता आहे. त्या कारखान्याचा जपानमधील कंपनीशी व्यवहार आहे, आणि जपानी भाषेच्या परीक्षेची ‘एन २’ ही पातळी जो उत्तीर्ण होईल त्याला दोन वर्षांसाठी तिकडे पाठवावयाचे असे ठरले आहे. जुलैत तो परीक्षेस बसला आणि नापास झाला. डिसेंबरात पुन्हा बसावयाचे. त्यातही यश आले नाही तर ती जागा दुसऱ्या कोणास मिळावयाची. “मॅडम, तीन महिने उरले. आता काय करू?” असे त्याने विचारले.

मजजवळ येण्याचे कारण असे की, शाळेत मी हिंदी आणि इतिहास शिकवीत असले तरी गेली आठ वर्षे घरी बसून जपानी शिकत आहे. पण मीही ‘एन २’ला एकदा नापास झालेली आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. ते सांगितल्यावर त्याचा चेहरा जरा मोकळा झाला. त्या दिवशी आमचे जे बोलणे झाले तेच आज थोडे नीटनेटके करून आपणापुढे ठेवते. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा २०२३ साली वेगळा जिल्हा झाला. परंतु जपानी शिकविणारा वर्ग अजून आमच्या हाताशी नाही, आणि अशा ठिकाणी राहणारी मुले मराठी मुलखात कितीतरी असतील.

प्रथम परीक्षेविषयी. जपानीत तिला ‘निहोन्गो नोर्योकु शिकेन’ म्हणतात. जपान फाउंडेशन आणि तिकडची एक शैक्षणिक संस्था मिळून ती घेतात. १९८४ साली ती सुरू झाली तेव्हा साऱ्या जगातून सुमारे ७,००० परीक्षार्थी बसले होते. अलीकडे वर्षाकाठी दहा लाखांहून अधिक लोक अर्ज करतात. पूर्वी तिच्या चार पातळ्या होत्या. २०१० साली त्यांच्या पाच करण्यात आल्या. ‘एन ५’ ही पहिली पायरी आणि ‘एन १’ ही शेवटची. वरच्या दोहोंना प्रगत म्हणण्याची रीत आहे. जुन्या पद्धतीत दुसऱ्या पातळीसाठी सुमारे १,००० चित्राक्षरे, ६,००० शब्द आणि ६०० तासांचे अध्ययन, व पहिल्या पातळीसाठी २,००० चित्राक्षरे, १०,००० शब्द आणि ९०० तास असा अंदाज छापलेला असे. आता असे आकडे अधिकृतपणे दिले जात नाहीत, पण मोजमाप म्हणून ते अजून उपयोगी पडतात. दररोज दोन तास दिले तरी ६०० तासांस दहा महिने लागतात, एवढे ध्यानात आले म्हणजे तीन महिन्यांत काय होण्यासारखे आहे आणि काय नाही याचा उमज पडतो.

गुणांची रीत मात्र नीट समजून घेतली पाहिजे, कारण आम्ही दोघे तेथेच अडलो. एकूण गुण १८०. शब्द व व्याकरण, वाचन, आणि श्रवण असे ६० गुणांचे तीन भाग. ‘एन २’साठी एकूण ९० आणि ‘एन १’साठी १०० गुण मिळवावे लागतात, पण त्याबरोबरच प्रत्येक भागात किमान १९ असलेच पाहिजेत. एकात १८ पडले की बाकीचे गुण कितीही असोत, निकाल नापास. माझे एकूण गुण ९४ होते आणि वाचनात १८ होते. माझ्या विद्यार्थ्याला श्रवणात १६ मिळाले होते. आपल्या शाळांत इंग्रजीत कमी पडले तर गणिताने भरून काढण्याची सवय मुलांना असते. येथे तसे भरून निघत नाही. म्हणून मागच्या निकालाचा कागद समोर ठेवून कोणता भाग अशक्त आहे ते आधी पाहावे, आणि उरलेल्या दिवसांतला निम्मा वेळ त्या एकाच भागाला द्यावा. आवडत्या भागाचाच अभ्यास करीत बसण्याचा मोह फार मोठा असतो. मी वर्षभर व्याकरणच करीत होते, कारण ते मला गोड लागे.

आता ज्या गोष्टीसाठी हे भाषण करावयाचे ठरविले तिच्याकडे वळते. बाजारात मिळणारी जपानीची पुस्तके बहुधा इंग्रजीतून लिहिलेली आहेत. इंग्रजी वाक्याची घडण जपानीच्या अगदी उलटी. मराठी मूल इंग्रजीच्या वाटेने जपानीत जाते तेव्हा आधी घराकडे पाठ फिरविते आणि पुन्हा वळून घराच्याच बाजूला येते. एक साधे उदाहरण घ्या. ‘किनो वाताशि गा योन्दा होन’. किनो म्हणजे काल, वाताशि गा म्हणजे मी, योन्दा म्हणजे वाचलेले, होन म्हणजे पुस्तक. ‘काल मी वाचलेले पुस्तक’! शब्दामागून शब्द, एकही जागचा हलवावा लागत नाही. हेच इंग्रजीत सांगताना पुस्तक आधी येते, मग ‘जे’ हा अर्थ सांगणारा शब्द, मग मी, आणि काल सर्वांत शेवटी. जपानीत वाक्याचे क्रियापद अखेरीस येते, विभक्तीचे प्रत्यय नामामागून लागतात, ‘मला जपानी समजते’ हे वाक्यही आपल्यासारखेच बांधले जाते. ‘पांढुर्णा म्हणून एक गाव आहे’ यातला ‘म्हणून’ जपानीत ‘तो इउ’ होतो आणि त्याच जागी बसतो.

क्रियापदांच्या जोड्यांचे नाते तर याहून जवळचे आहे. ‘शिते मिरु’ याचा अक्षरशः अर्थ ‘करून पाहणे’. ‘शिते ओकु’ म्हणजे ‘करून ठेवणे’. ‘शिते शिमाउ’ म्हणजे ‘करून टाकणे’, आणि हातून नको ते घडल्याची हळहळही त्यात आपल्याप्रमाणेच येते. ‘काइते मोरात्ता’ म्हणजे ‘लिहून घेतले’. वाक्यात कर्ता सांगितलेला नसला तरी लिहिणारा दुसरा कोणी आहे, हे मराठी माणसाला विचार न करता कळते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला मात्र त्यासाठी कोष्टक पाठ करावे लागते. फोडणे-फुटणे, तोडणे-तुटणे, सोडणे-सुटणे या आपल्या जोड्यांप्रमाणे त्यांच्यात ‘वारु’ आणि ‘वारेरु’, ‘किरु’ आणि ‘किरेरु’ अशा जोड्या आहेत. वरच्या परीक्षेत या जोड्यांवर हमखास प्रश्न येतात.

आणि येथेच माझ्या विद्यार्थ्याच्या मनातला एक जुना सल बाहेर आला. पुण्यास गेल्यावर पहिल्या वर्षी तो आपल्या इकडच्या बोलीत “काय करून राहिला?” असे बोलला की सोबतची मुले हसत. त्याने ती बोली टाकली, आणि जपानीच्या वर्गातही इंग्रजीच्याच आधाराने शिकला. ‘ताबेते इरु’ म्हणजे इंग्रजीतले चालू वर्तमान, असे त्याच्या वहीत लिहिलेले होते. मी त्याला विचारले, ‘ताबेते’ म्हणजे काय? ‘जेवून’. ‘इरु’ म्हणजे काय? ‘असणे, राहणे’. मग ‘ताबेते इरु’चे भाषांतर आपल्या गावच्या बोलीत कर. क्षणभर तो गप्प राहिला आणि मग हसतच म्हणाला, “जेवून राहिला!” प्रमाण मराठीत आपण ‘जेवत आहे’ म्हणतो, त्यात हा सांधा दिसत नाही. नागपूर-वऱ्हाडाकडच्या आणि आमच्या पांढुर्ण्याच्या बोलीत तो जसाच्या तसा दिसतो.

अर्थात ही चावी सगळ्याच कुलुपांना लागत नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे. ‘शिन्दे इरु’ म्हणजे ‘मरत आहे’ असे नव्हे, ‘मेलेला आहे’. आमच्या बोलीतला ‘मरून राहिला’ तेथे फसवील. पण ‘उंदीर मरून पडला आहे’ हे वाक्य आठवा म्हणजे तेही सापडते. (शिंदे आडनावाच्या माणसाने जपानात आपले नाव सांगताना थोडे जपून सांगावे, हे ओघाने आलेच.)

‘एन २’च्या व्याकरणातील वळणे इंग्रजीतून फार कृत्रिम वाटतात. ‘सेझारु ओ एनाइ’ याचा अर्थ इंग्रजी पुस्तकात अर्धी ओळ घेतो. मराठीत ‘केल्यावाचून गत्यंतर नाही’ म्हटले की नकारामागून नकार तसाच येतो. ‘दोकोरोका’ म्हणजे ‘ते दूरच राहो, उलट’. ‘त्सुकि शिदाइ’ म्हणजे ‘पोहोचताच’. म्हणून मी त्याला एक नवी वही करावयास सांगितली. प्रत्येक वळणापुढे मराठीतला, आणि मराठीत न सापडल्यास हिंदीतला, तोच ढंग लिहावयाचा. हिंदीही आमच्या शाळेची भाषा आहे आणि तिचा उपयोग आदरार्थी भाषेत फार होतो. जपानीत समोरच्या थोराचे बोलणे ‘ओश्शारु’ आणि आपले बोलणे ‘मोसु’, अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत. मराठीत आपण ‘म्हणणे’ या एकावरच भागवितो. पण ‘आप फर्माइए, मैं अर्ज करता हूँ’ हे वाक्य आमच्या इकडच्या मुलांनी सिनेमात का होईना, ऐकलेले असते.

आता चित्राक्षरांकडे येऊ. व्याकरणात घरची शिदोरी पुरते, तशी येथे पुरत नाही. जपानीतल्या ज्या दोन अक्षरमाला आहेत त्यांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना असा आहे. बौद्ध पंडितांनी जी सिद्धम् लिपी चीनमार्गे जपानात नेली तिच्या वर्णक्रमाचा तो ठसा आहे, त्यामुळे त्या आपणांस आठवड्यात येतात. चिनी चित्राक्षरांना मात्र असा आडमार्ग नाही. जपान सरकारने नित्य व्यवहारासाठी नेमलेल्या यादीत २०१० पासून २,१३६ चित्राक्षरे आहेत, आणि एकेकाचे उच्चार दोन-दोन, तीन-तीन.

हे उच्चार का बदलतात, एवढे मात्र मराठीवरून समजते. आपण ‘पाणी’ पितो, परंतु ‘जलाशय’ बांधतो. कोणी ‘पाणीआशय’ म्हणत नाही. एकटा शब्द असला की घरचा, समासात गेला की संस्कृत. जपानीतही पाण्याचे चित्राक्षर एकटे असताना ‘मिझु’ असे वाचतात, हा त्यांचा घरचा शब्द. समासात ते ‘सुइ’ होते, हा चीनमधून आलेला उच्चार. पाणी आणि पोहणे ही दोन चित्राक्षरे जोडून ‘सुइएइ’ होते, म्हणजे शब्दशः आपले ‘जलतरण’. मिझु म्हणजे पाणी आणि सुइ म्हणजे जल, असे एकदा मनात बसले की दोन उच्चारांचा राग येत नाही. मी तर वहीत घरच्या उच्चाराखाली तद्भव आणि चिनी उच्चाराखाली तत्सम असे मथळे घातले आहेत. व्याकरणकारांनी मला क्षमा करावी.

दुसरी अडचण समोच्चारी शब्दांची. ‘किकान’ हा एकच ध्वनी कालावधी, संस्था, शरीराचा अवयव आणि परत येणे या चारही अर्थांनी येतो; लिहिताना चित्राक्षरे निराळी. आपल्याकडे ‘कर’ म्हणजे हात, किरण आणि सरकारला द्यावयाचा तो कर, तसेच हे. फक्त जपानीत त्यांची संख्या फार. म्हणून सुटी चित्राक्षरे घोकण्यात अर्थ नाही. नेहमी शब्द शिकावा, आणि शब्द एका वाक्यासह शिकावा. दिवसास दहा नवे शब्द आणि कालच्या, आठवड्यापूर्वीच्या व महिन्यापूर्वीच्या शब्दांची उजळणी, एवढा हिशेब तीन महिने पाळला तर नऊशे शब्द होतात. त्यांतले दोनशे विसरले तरी सातशे उरतात.

या प्रांतात पूर्वी कोणी झगडलेच नाही असे नाही. १५४८ साली कागोशिमाचा अंजिरो नावाचा जपानी गृहस्थ गोव्यास सेंट पॉल महाविद्यालयात येऊन शिकला, आणि पुढल्या वर्षी संत फ्रान्सिस झेवियर त्याला बरोबर घेऊन जपानात उतरले. नंतरच्या मिशनऱ्यांनी नागासाकी येथे १६०३ साली जपानी-पोर्तुगीज कोश छापावयास घेतला. त्यात सुमारे ३२,००० शब्द आहेत आणि ते रोमन लिपीत, उच्चाराप्रमाणे लिहिलेले आहेत. परक्या भाषेची पायवाट आपल्या अक्षरांनी पाडावी, हीच त्यांचीही युक्ती. त्या व्यापारी आणि धर्मप्रसारकांच्या जहाजांनी दोन्हीकडे काही शब्द सारखेच उतरविले. आपला पाव आणि त्यांचा ‘पान’, आपला साबण आणि त्यांचा ‘शाबोन’ हे पोर्तुगीज शब्दांचेच भाईबंद आहेत.

वाचनात मी का पडले ते आता सांगते. ‘एन २’मध्ये शब्द, व्याकरण आणि वाचन यांचा मिळून एकच पेपर असतो, वेळ १०५ मिनिटे. कोणत्या भागाला किती वेळ द्यावा हे कोणी सांगत नाही. मी शब्दांच्या प्रश्नांत रमले आणि शेवटचे लांब उतारे आले तेव्हा माझ्याजवळ वीस मिनिटे होती. शब्द आणि व्याकरणाला पस्तीस मिनिटांपेक्षा अधिक देऊ नयेत, असा माझा आता अनुभवाचा सल्ला आहे. अडलेल्या शब्दावर पाच मिनिटे विचार केल्याने तो शब्द येत नाही. उताऱ्यावर तीच पाच मिनिटे घालविली तर उत्तर सापडण्याचा संभव असतो.

पण घड्याळ हे वरवरचे कारण झाले. खरे कारण असे की मी मान खाली घालून एकेक शब्द वाचीत होते. त्यावर मला उपाय सापडला तो एका मुलांच्या पुस्तकात. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ आपल्यापैकी पुष्कळांनी, विशेषतः शिक्षकांनी, मराठीत वाचलेले आहे. मूळ जपानी पुस्तक १९८१ सालचे. त्याच्या मुलांसाठी काढलेल्या आवृत्तीत चित्राक्षरांशेजारी बारीक अक्षरांत उच्चार दिलेले असतात. गोष्ट आधीच ठाऊक असल्यामुळे मी शब्दकोश बाजूस ठेवून रोज पाच-सहा पाने वाचू लागले, आणि क्रियापद येईपर्यंत वाक्य मनात धरून ठेवण्याची सवय लागली. मराठी वृत्तपत्र वाचताना आपण हेच करीत असतो. परक्या भाषेत ते पुन्हा शिकावे लागते एवढेच. त्यानंतर वर्तमानपत्री लेखांकडे वळावे. परीक्षेतील उताऱ्यांत लेखक प्रथम दुसऱ्यांचे मत मांडतो, मग ‘परंतु’ म्हणून आपले सांगतो. प्रश्न बहुधा त्या ‘परंतु’नंतरच्या वाक्यावर असतो.

श्रवणाचा भाग माझ्या विद्यार्थ्याला अडला याचे मला प्रथम नवल वाटले. जपानी माणसांत काम करणारा मुलगा! पण कारखान्यात बैठकीला दुभाषी असतो आणि याच्या हाती येतात ते नकाशे आणि पत्रे. कान रिकामेच राहिले. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच ऐकवितात. एका प्रकारात तर कागदावर काहीच छापलेले नसते. कोणी एक वाक्य बोलतो, तीन उत्तरे ऐकू येतात, आणि पुढचे वाक्य सुरू होते. त्यात पुस्तकी जपानी नसते. ‘शिते शिमात्ता’चे तोंडी ‘शिचात्ता’ होते, जसे आपले ‘करून टाकले आहे’ बोलताना ‘करून टाकलंय’ होते. म्हणून व्याकरणाच्या वहीत प्रत्येक वळणाशेजारी त्याचे बोलीतले रूपही लिहावे. दररोज अर्धा तास ऐकावे: पहिल्यांदा नुसते, दुसऱ्यांदा लिहून घेत, तिसऱ्यांदा आवाजाबरोबर मोठ्याने म्हणत. या शेवटच्या सवयीने घरच्यांना थोडा त्रास होतो, तो त्यांनी तीन महिने सोसावा.

ध्वनींच्या बाबतीत आमच्या मुलांना एक फायदा आहे. ‘कितेइरु’ आणि ‘कित्तेइरु’ यांतला फरक, म्हणजे येणे आणि कापणे यांतला फरक, एका जोडाक्षरावर अवलंबून आहे. ज्या गावात एकच चिठ्ठी हिंदीत ‘पता’ आणि मराठीत ‘पत्ता’ विचारते, त्या गावच्या मुलाला हा फरक ऐकू येतो. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच: ‘ओजिसान’ म्हणजे काका आणि ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. पण दीर्घ ‘ओ’ आपल्या लिपीत वेगळा नाही, आणि कान तेथे हटकून चुकतो. तेवढ्या शब्दांची एक वेगळी यादी करून ठेवावी.

या परीक्षेत बोलावयास लावीत नाहीत आणि निबंधही लिहावयास सांगत नाहीत. सर्व उत्तरे दिलेल्या पर्यायांतून निवडावयाची असतात. तेव्हा प्रमाणपत्र हातात पडले म्हणून टोकियोच्या बैठकीत तोंड उघडेलच असे नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. तरी त्या प्रमाणपत्राचे वजन आहे. परदेशी तज्ज्ञांना जपानात राहण्याचा खास परवाना देताना गुण मोजतात, त्यात ‘एन १’ला १५ आणि ‘एन २’ला १० गुण धरतात.

राहता राहिली प्रवासाची गोष्ट. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई ही तिची केंद्रे आहेत, आणि पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा मोठी असल्याने आमच्याकडची मुले बहुधा तेथेच जातात. अर्ज काही महिने आधी भरावा लागतो, आणि जागा भरल्या की दार बंद होते. पांढुर्ण्याहून रेल्वेने किंवा सौंसरहून मोटारीने नागपूर, आणि तेथून रात्रीच्या गाडीने पुणे. शनिवारी निघून रविवारी सकाळी थेट परीक्षेच्या खोलीत शिरण्याचा प्रयोग मी एकदा केला आहे. श्रवणाच्या वेळी डोळा लागला होता. सोबत दोन-तीन मऊ पेन्सिली, खोडरबर आणि साधे मनगटी घड्याळ असावे. श्रवण सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत.

माझा विद्यार्थी आता दर रविवारी संध्याकाळी दूरध्वनी करतो आणि आठवड्यातली वही वाचून दाखवितो. मागल्या रविवारी त्याने ‘शिते इरु’पुढे लिहिलेले वाचले: ‘करून राहिलो’. अर्ज आम्ही दोघांनीही भरला आहे. परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी तो घरी येईल आणि शुक्रवारी संध्याकाळी नागपूरहून आम्ही बरोबर निघू.